ताईच्या हाताची टेकडी

माझ्या भावजींना सगळी गल्ली ‘चष्मेवाले’ म्हणते. दुकान त्यांचं नाही, मालकाचं आहे. भावजी मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासतात, आणि गर्दी वाढली की पुढे येऊन लोकांचा नंबर काढतात. एक भिंग लावायचं, मग दुसरं लावायचं आणि विचारायचं, हे बरं की ते बरं? तीस-पस्तीस वर्षं हाच प्रश्न विचारून त्यांचा कान इतका तयार झालाय, की समोरचा खरंच वाचतोय की लाजेखातर ‘हो हो, दिसतंय’ म्हणतोय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. अक्षरांचा तक्ता पाठ करून येणारे महाभाग तर ते दुसऱ्या ओळीलाच पकडतात. अशा माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे धाडसच. माझी ताई बोलली, आणि तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

ताई, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, भावजींची बायको. तिला लहानपणापासून अंधारात दिसत नाही. दिवसा दिसायचं, तेही मधलं तेवढंच, नळीतून बघावं तसं. समोरचा माणूस दिसायचा, त्याच्या शेजारचा नाही. दरवर्षी नळी थोडी अरुंद व्हायची. डोळ्याच्या आतल्या पडद्याचाच तो दोष, चष्म्याने जाणारा नव्हे. आता बोला! काचा घासणाऱ्याची बायको, आणि नेमका तिलाच काचेचा उपयोग नाही. भावजींना हे किती लागलं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं, कारण त्यांच्या तोंडातून दिवसाला दहा शब्द पडले तरी खूप.

तर ताईने उभ्या आयुष्यात एकही तारा पाहिला नव्हता. चंद्र दिसायचा, रस्त्याचे दिवे दिसायचे, बाकी वर सगळं काळं. लहानपणी शिवणाच्या वर्गातून तिला परत आणायचं काम माझ्याकडे होतं. अंधार पडलेला असायचा, ती माझा हात घट्ट धरून चालायची आणि रोज विचारायची, आज आहेत का गं चांदण्या? कशा आहेत? मला घरी जाऊन खेळायचं असायचं. मी मान वर न करताच सांगायचे, असतात तशाच आहेत, पांढरे ठिपके. सगळ्या का गं? हो, सगळ्या पांढऱ्या, चल आता. पुढे मला बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर नोकरी लागली आणि लोकांना थोडक्यात वाटेला लावायचे मला पैसे मिळायला लागले. पण सवय त्याच्या आधीची होती, ताईपासूनच लागलेली.

डॉक्टरांनी एकदा स्पष्टच सांगितलं, की नळी आता झपाट्याने बंद होत जाणार. तीन-चार वर्षं धरून चाला. दवाखान्यातून येताना बसमध्ये ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती, आणि मग भावजींना एवढंच म्हणाली, की सगळं बघून झालं, एक तारा तेवढा राहिला. रडली नाही, काही नाही. उतरल्यावर भाजी घेऊन घरी गेली. भावजींनी मात्र ते वाक्य मनात जे धरून ठेवलं ते ठेवलंच.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. दुर्बिणीत मोठं काय असतं, तर तळाचा खोलगट आरसा. अंगणात वाटी ठेवली तर पाऊस वाटीभर मिळतो, परात ठेवली तर परातभर, तसंच उजेडाचं, असं त्यांनी मला समजावलं. ताईचा डोळा इतका उपाशी, की त्याला परातच पाहिजे. वाटीवाल्या छोट्या दुर्बिणी त्यांनी दोन-तीन मागून आणून पाहिल्या, ताईला काही दिसलं नाही. मग एक जाहिरात सापडली. बारा इंची आरसा, हौशी लोकांसाठी, सामान्य माणसाला परवडेल अशी. भावजींनी ती मागवली. खोक्यातून जी वस्तू निघाली ती बघून मी म्हटलं, ही दुर्बीण आहे की पाण्याचा बंब? चार जणांनी मिळून ती गच्चीवर चढवली.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. भावजींनी नळकांडं फिरवून फिरवून एक तारा धरला, ताईला स्टुलावर बसवलं, तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून डोळा बरोबर जागेवर आणला. ताई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, दिसला. भावजींनी दुकानातल्या आवाजात विचारलं, रंग कुठला? ताई म्हणाली, पांढरा.

भावजी बरं म्हणाले. त्यांनी तिला हात धरून खाली नेलं, चहा केला. पण दुर्बीण त्यांनी रोहिणीवर लावली होती, आणि रोहिणी चांगली केशरी असते. ताईला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. नवऱ्याने इतकी यातायात केली, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून ती पाठ केलेला तक्ता वाचून मोकळी झाली. तो तक्ता तिला कोणी पाठ करून दिला होता ते तिथे फक्त मला ठाऊक होतं. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

भावजींनी ताईला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांचा राग आरशावर. त्यांनी स्वतः डोळा लावून बघितलं तर तारा कसला, चुरगळलेला कापूस. एका बिंदूत यायचा तो सगळा उजेड इकडेतिकडे सांडलेला. परात मोठी होती हो, पण तिला भोकं होती. धडधाकट डोळ्याचा माणूस तेवढ्यावर भागवून नेतो, ताईच्या नळीत त्यातलं काहीच पोचलं नाही. त्यांनी विकणाऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की एवढ्या किमतीत एवढा मोठा आरसा मिळतोय, अजून काय पाहिजे. माझं डोकंच फिरलं. बस मोठी आहे, चाकं तेवढी चौकोनी आहेत, असं मी खिडकीतून सांगितलं असतं तर लोकांनी खिडकी फोडली असती. मी म्हटलं, जाऊन भांडू या. भावजी म्हणाले, भांडून काच सुधारत नाही. काच घासून सुधारते.

आणि ते घासायला बसले. दुकान बंद झालं की मालकाच्या परवानगीने मागच्या खोलीत. आरशावरचा चकचकीत मुलामा काढून टाकला, खाली नुसती काच उरली, दोन बोटं जाडीची आणि चांगली जड. राळ वितळवून तिची गोल थापी केली, तिला लाल पावडरीचं पाणी लावलं, आणि काचेवर ती पुढे-मागे, पुढे-मागे. टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा पुढे-मागे. भावजींच्या बाह्या आणि नखं कायमची तांबडी झाली. केसाच्या जाडीचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याइतका उंचवटासुद्धा चालत नाही म्हणे. मी म्हटलं, इतकं बारीक तुम्हाला दिसतं कसं? तेव्हा त्यांनी मला ती ब्लेडची परीक्षा दाखवली.

खोलीत पूर्ण अंधार करायचा. काच एका टोकाला स्टँडवर उभी करायची. दुसऱ्या टोकाला बारीक छिद्रामागे एक दिवा, आणि शेजारी दाढीचं ब्लेड. काचेवरून परत येणारा उजेड त्या ब्लेडने हळूच कापायचा आणि त्याच्या मागे डोळा ठेवायचा. मग आख्खी काच राखाडी होते, आणि तिच्यावर जिथे उंच आहे तिथे टेकडी दिसते, जिथे खोल आहे तिथे खड्डा, सकाळच्या तिरप्या उन्हात माळरान दिसतं तसं. मी पाहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या कामाचा हेवा वाटला.

या कामात ताई रोज सोबतीला असायची. भावजींची कंबर अधू, वजन उचलायची बंदी. काच घासली की ती तापते, म्हणून ते दोन-दोन तास तिला थंड व्हायला टेबलावर ठेवत. गरम काच खोटं बोलते हे त्यांना पक्कं माहीत होतं. ती थंड झाली, की दिवे मालवायचे, आणि ताई टेबलावरची काच उचलून दहा पावलं चालत जाऊन स्टँडवर ठेवायची. अंधारात ती आमच्यापेक्षा पटाईत, तिचं काय बिघडणार? काचेच्या कडेला एक टवका उडालेला होता. तो बोटाने चाचपायचा, त्याच्याखाली डावा तळहात घालून सगळा भार त्याच्यावर घ्यायचा, उजव्या हाताने नुसता आधार. स्टँडवर ती बरोबर बसेपर्यंत हात काढायचा नाही. इतका सगळा हिशोबीपणा. भावजी कौतुकाने म्हणायचे, एका धक्क्याची चूक नाही तिच्या हातून.

दीड वर्षात काच जवळजवळ झाली. फक्त टवक्याजवळ एक बुटकी टेकडी उरली, ती काही केल्या हटेना. भावजींनी अंगठ्याएवढी छोटी थापी केली आणि तेवढ्याच जागी घासत राहिले. आठवडेच्या आठवडे. टेकडी मुंगीच्या पावलांनी उतरत होती. इकडे ताईची नळी बंद होत चालली होती. दारातून येताना ती चौकटीला आपटायला लागली, माझा चेहरा तिला एका वेळी अर्धाच दिसायला लागला. मी भावजींना चिडून म्हणायचे, तुमची टेकडी उतरेपर्यंत हिचे डोळे जातील. ते मान हलवायचे आणि पुन्हा घासायला बसायचे. शेवटी एका संध्याकाळी ब्लेडमागून त्यांचा आवाज आला, झाला. काच एकदम सपाट राखाडी, कुठे डाग नाही. ताईने त्या अंधारात टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ताई चार दिवस माझ्याकडे राहायला आली. भावजींना घरी करमेना. काच मुलामा चढवायला पाठवायची होती, त्याआधी आपलं एकदा डोळे भरून बघावं, म्हणून ते दुकानात गेले. उचलायची तर नाही, म्हणून त्यांनी काच टॉवेलात गुंडाळून चाकाच्या खुर्चीवर ठेवली, ढकलत नेली आणि टॉवेलानेच स्टँडवर सरकवली. डोळा लावला. टवक्याजवळ हा खड्डा!

त्यांचा फोन मला आला. मी टाके सांभाळत पडलेली, आणि हे विचारतायत, तिला विचार, काच कुठे धरते. मी ताईला विचारलं. ताई म्हणाली, डाव्या हाताने, टवक्याखाली, नेहमीच. भावजींनी फोन ठेवून दिला.

ती टेकडी काचेची नव्हतीच. ताईच्या तळहाताची ऊब होती. दहा पावलं चालायची आणि काच नीट बसेपर्यंत हात तिथेच धरायचा, तेवढ्या वेळात काच तिथे फुगायची, आणि भावजी फुगलेली काच बघून घासत सुटले होते. कितीतरी आठवडे त्यांनी नसलेली टेकडी उतरवली होती आणि आरशात ताईच्या हाताएवढा खड्डा केला होता. घासण्याची ऊब त्यांनी मोजली, दिव्याची मोजली, बायकोच्या हाताची तेवढी विसरले. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते. तेव्हा हसायला पोटही शाबूत नव्हतं आणि मनही.

मी चालायला लागल्यावर आम्ही तिघं त्या मागच्या खोलीत बसलो. खड्डा काढायचा म्हणजे बाकीची आख्खी काच त्याच्याइतकी खाली आणायची. वर्ष जाणार. तेवढा भाग काळ्या कागदाने झाकता आला असता, पण मग तेवढा उजेड कमी, आणि ताईच्या डोळ्याला थेंबसुद्धा कमी करून चालणार नव्हतं. वर्षभर थांबायला ताईपाशी वर्ष आहे याचा भरवसा नव्हता. भावजी डोक्याला हात लावून बसले होते. मी त्या माणसाला त्या दिवसाआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

ताई म्हणाली, “अहो, खड्डा माझ्याच हाताचा आहे ना? मग बघायच्या आधी मी तिथे हात ठेवते.”

भावजींनी आधी उडवूनच लावलं. असं कुठे असतं का! मग ते उठले आणि त्यांनी दिवे मालवले. ताईने काच नेहमीसारखी उचलली, टवक्याखाली हात घातला, दहा पावलं चालली, काच बसवली, हात काढला. भावजींनी ब्लेडमागे डोळा लावला आणि मला पुढे ओढलं. खड्डा नव्हता. सपाट राखाडी, नितळ. दहा-बारा मिनिटं तसंच राहिलं, मग हळूहळू, काच निवत गेली तसा, टवक्याजवळ खड्डा पुन्हा दिसायला लागला.

आरसा मुलामा चढून आला आणि नळकांड्यात बसला. गार संध्याकाळ होती, नुकता अंधार पडला होता, खालच्या मजल्यावर कोणाकडे तरी भांडी घासली जात होती. ताई नळकांड्याच्या तळाशी जमिनीवर बसली, मागच्या उघड्या बाजूने हात घालून तिने टवका शोधला आणि तळहात टेकवला. भावजी घड्याळ बघत होते. बस, म्हणाले. ती उठली आणि कोणाचा हात न धरता, स्टूल चाचपून त्यावर चढली. भावजींनी तिचं डोकं धरून डोळा जागेवर आणला. आम्ही तिला कुठला तारा ते सांगितलेलं नव्हतं.

ती बघत राहिली. भावजींनी विचारलं, दिसतोय? मग त्यांनी विचारलं, रंग कुठला? हे विचारताना त्यांचा दुकानातला आवाज पार फुटला.

“अहो, हा तर केशरी आहे,” ताई म्हणाली. “छोटे, तू तर म्हणायचीस सगळ्या पांढऱ्या असतात.”

तिने ते रागाने म्हटलं नाही, हसतच म्हटलं, म्हणून तर जास्त लागलं. मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि मनसोक्त रडून घेतलं.

ताईला दोन हिवाळे मिळाले. त्या दोन हिवाळ्यांत तिने जेवढे तारे बघितले तेवढे मी साठ वर्षांत बघितले नाहीत. मग एका सकाळी ती म्हणाली, की खिडकी कुठे आहे ते कळत नाहीये. नळी बंद झाली. त्यानंतर वर्षभर दुर्बिणीवर चादर होती. तारे बघणारी हौशी मंडळी मधूनमधून भावजींना भेटायला यायची, आरसा तपासायची आणि सांगायची, बाकी काम एक नंबर, तेवढा खड्डा काढून टाका की. भावजी हो म्हणायचे आणि काही करायचे नाहीत.

गेल्या महिन्यात ताईनेच मला बोलावून घेतलं. म्हणाली, मला गच्चीवर यायचंय, तूही चल. भावजींनी चादर काढली, दुर्बीण लावली. ताई तळाशी बसली, हात आत घातला, आणि तोंड वर करून शांत बसून राहिली. भावजींनी वेळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा हात काढून मला म्हणाली, “जा, बघ आणि मला सांग. नीट बघून सांग.”

मी स्टुलावर चढले. डोळा लावला. एक नव्हता, दोन तारे होते, अगदी शेजारी शेजारी, सुईने टोचल्यासारखे बारीक. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. कितीतरी वेळ बघत राहिले. त्या शिवणाच्या वर्गाच्या वाटेवरची एक संध्याकाळ मला कोणी परत दिली असती तर मी काय वाटेल ते दिलं असतं. मान वर करायला तेव्हा काय जड जात होतं मला?

मग मी सांगायला लागले. की दोन आहेत, एक मोठा, एक धाकटा. मोठा पिवळा, पण हळदीचा पिवळा नाही, आईच्या त्या जुन्या बांगड्यांचा. धाकटा निळा. ताईने विचारलं, निळा म्हणजे कसला? मी म्हटलं, गॅस अगदी बारीक केल्यावर ज्योत असते ना, तेवढा. ती म्हणाली, मग त्यांच्यामध्ये अंतर किती आहे? आपण दोघी चालायचो तेवढं, मी म्हटलं. आणि बोलता बोलता मोठा तारा कडेने फुटायला लागला, धाकटा पुसट झाला.

“ताई, धूसर होतंय गं,” मी म्हटलं.

“थांब तिथेच,” ती म्हणाली, “मी परत हात ठेवते.” आणि खाली टवका शोधणारी तिची बोटं काचेवर सरकल्याचा आवाज मला ऐकू आला.